घनतेच्या भागाकारात जमीन कोणती धरायची?

प्रश्न : आपल्या शहराच्या लोकसंख्येची घनता चौरस किलोमीटरला साडेआठ हजार आहे, असे वाचनात आले. माझे बालपण गुलमंडीजवळच्या एका वाड्यात गेले. आता मी गारखेडा परिसरातल्या गुंठेवारी वसाहतीत राहतो आणि मुलगी सिडकोत, एन-४ला राहते. या तिन्ही ठिकाणांना एकच आकडा कसा लागू होईल? दुसरे असे की मुलीच्या शेजारचा बंगला पाडून तिथे पाच मजली इमारत उभी राहते आहे. घनता वाढणार, पाणी पुरणार नाही, असे तिथली मंडळी म्हणतात. घनता नेमकी मोजतात कशी आणि त्यांचे म्हणणे बरोबर आहे का?
— एक वाचक, गारखेडा परिसर, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : तुम्ही वाचलेला आकडा खोटा नाही. २०११च्या जनगणनेत महापालिका हद्दीत ११,७५,११६ माणसे मोजली गेली आणि त्या वेळी हद्दीचे क्षेत्रफळ सुमारे १३९ चौरस किलोमीटर होते. भागाकार केला की साधारण साडेआठ हजार येतात. नगररचनेतले लोक हेक्टरमध्ये बोलतात. शंभर हेक्टरचा एक चौरस किलोमीटर होतो, म्हणून त्यांच्या भाषेत हीच घनता हेक्टरी ८५ माणसे. गणित इथे संपते. पण हे गणित ज्या १३९ चौरस किलोमीटरवर बेतले आहे, त्यात काय काय आले ते पाहा.

चिकलठाण्याचे विमानतळ त्यात आहे आणि चिकलठाण्याची एमआयडीसीही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा सातशेहून अधिक एकरांचा परिसर, हिमायतबाग, सलीम अली सरोवर, खाम आणि सुखना या नद्यांची पात्रे, हर्सूलकडची शेते, हे सगळे त्यातच मोडते. १९८२ मध्ये नगरपालिकेची महापालिका झाली, तेव्हा आसपासची खेडी हद्दीत आली आणि त्यांच्याबरोबर त्यांची शेतजमीनही आली. त्या शेतात कोणी राहत नव्हते, पण भागाकारात ते शेत पूर्ण धरले जाते. उलट छावणी शहराच्या पोटात असूनही तिचा कारभार वेगळा, म्हणून ती या आकड्यात नाही. साताऱ्या-देवळाईची भर २०११ नंतर पडली, त्यामुळे तीही यात नाही.

याला ढोबळ घनता म्हणतात. एकूण माणसांना एकूण जमिनीने भागायचे, जमीन कशीही असो. नळयोजनेचा किंवा बसच्या ताफ्याचा पहिला अंदाज बांधायला ती चालते. दोन शहरांची तुलना करायला मात्र ती फार कच्ची आहे, कारण हद्द कुठे आखली यावरच उत्तर ठरते. पॅरिसचे उदाहरण घ्या. एकवीस लाखांच्या आसपास वस्ती आणि १०५ चौरस किलोमीटर हद्द, म्हणजे चौरस किलोमीटरला वीस हजार. पण त्या हद्दीच्या दोन टोकांना दोन मोठी वने आहेत, ब्वा द बुलोन आणि ब्वा द व्हॅन्सेन. ती वगळली तर तेच शहर, तीच माणसे, आणि घनता चोवीस हजारांवर जाते. एकही माणूस घरातून हललेला नसतो.

म्हणून दुसरा आकडा काढतात, निव्वळ घनतेचा. त्यात फक्त राहण्यासाठी वापरलेली जमीन धरतात. समजा आपल्या १३९ चौरस किलोमीटरपैकी निम्मीच जमीन वस्तीची आहे. मग साडेआठ हजारांचे सतरा हजार होतात. आता ‘वस्तीची जमीन’ म्हणजे काय, हाही प्रश्न उरतोच. नुसते प्लॉट धरायचे, की घरासमोरची गल्लीही? शाळा आणि कॉलनीतली खुली जागा धरायची का? प्रत्येक वेळी उत्तर बदलते. कोणी घनता सांगितली की आधी विचारावे, खाली कोणती जमीन धरली आहे? ते सांगितले नसेल तर त्या आकड्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही.

तुमच्या तीन पत्त्यांबद्दल बोलायचे तर सरासरीची आणखी एक अडचण आहे. एक छोटे गाव कल्पनेने घ्या. एका चौरस किलोमीटरमध्ये १९,००० माणसे आणि शेजारच्या चौरस किलोमीटरमध्ये १,०००. सरासरी दहा हजार. पण दहा हजारांच्या घनतेत या गावातला एकही माणूस राहत नाही. वीसपैकी एकोणीस जण १९,०००च्या दाटीत राहतात. जमिनीऐवजी माणसांच्या बाजूने सरासरी काढली, म्हणजे प्रत्येकाला ‘तुमच्या आजूबाजूला किती दाटी आहे’ असे विचारून उत्तरांची सरासरी घेतली, तर १८,१०० येते. हिला लोकसंख्या-भारित घनता म्हणतात. अमेरिकेच्या जनगणना विभागाने २०१०च्या आकड्यांवर ती काढली होती. साध्या मोजणीत लॉस एंजेलिसचा सलग नागरी पट्टा न्यूयॉर्कच्या पट्ट्यापेक्षा दाट ठरतो, कारण न्यूयॉर्कभोवती विरळ उपनगरे फार दूरवर पसरली आहेत. भारित मोजणीत महानगर न्यूयॉर्कची घनता चौरस मैलाला एकतीस हजारांच्या घरात जाते आणि लॉस एंजेलिस बारा हजारांवर राहते. ज्याने दोन्ही शहरे पायी पाहिली असतील त्याला दुसरेच उत्तर पटेल.

आपल्याकडे भारित घनता कोणी छापत नाही, पण तिचा अंदाज घ्यायची एक सोपी युक्ती महापालिकेच्या निवडणुकीने देऊन ठेवली आहे. शहराचे ११५ वॉर्ड पडले, तेव्हा प्रत्येक वॉर्डाची लोकसंख्या शक्यतो सारखी ठेवायची असा नियम होता. एका वॉर्डात सरासरी दहा हजारांच्या आसपास माणसे. म्हणजे वॉर्डांच्या नकाशावर जो वॉर्ड आकाराने लहान, तो दाट. तो नकाशा समोर ठेवलात की किराडपुरा, शहागंज, पुंडलिकनगर, मुकुंदवाडी या बाजूचे बारके तुकडे आणि विद्यापीठ किंवा विमानतळाकडचे पसरट तुकडे, हा फरक आकडेमोड न करता दिसतो. आकडाच हवा असेल तर वॉर्डनिहाय लोकसंख्या जनगणनेत मिळते आणि क्षेत्रफळ नकाशावरून मोजता येते.

आता पाच मजली इमारतीकडे येऊ. इथे बहुतेकांची गल्लत होते, आणि तिचे कारण म्हणजे एफएसआय.

एफएसआय, म्हणजे चटई क्षेत्र निर्देशांक, बांधकामाला प्लॉटच्या क्षेत्रफळाने भागून येतो. दोन हजार फुटांच्या प्लॉटवर सगळे मजले मिळून दोन हजार फूट बांधकाम असेल तर एफएसआय १. ते पूर्ण प्लॉट व्यापणारे एकमजली घर असू शकते, किंवा पाव प्लॉटवर उभी चार मजली इमारतही. एफएसआय दोघांचा सारखाच. डिसेंबर २०२० पासून राज्यात बहुतेक शहरांना एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. तिच्यात दाटवस्तीबाहेरच्या भागासाठी मूळ एफएसआय १.१० आहे. त्यावर प्रीमियम भरून, टीडीआर (हस्तांतरणीय विकास हक्क) आणून आणि रस्त्याच्या रुंदीनुसार आणखी मिळतो. शिवाय निवासी बांधकामात जिने, बाल्कनी, भिंती यांसाठी साठ टक्क्यांपर्यंत पूरक क्षेत्रही घेता येते. पूर्वी यातल्या बऱ्याच गोष्टी एफएसआयमध्ये मोजतच नसत, आता मोजतात. त्यामुळे जुन्या नियमातला १ आणि आजचा १.१० यांची सरळ तुलना करता येत नाही.

या सगळ्यात माणूस कुठे आहे? कुठेच नाही. एफएसआय ही बांधकामाची दाटी आहे. त्या बांधकामात किती जण राहतात याची तिला खबर नसते. हजार फुटांच्या घरात निवृत्त जोडपे राहते, तेवढ्याच हजार फुटांत तीन भाडेकरूंचे संसार असतात. मुंबईत १९६४ पासून एफएसआय आहे. १९९१च्या नियमावलीत तो शहरात १.३३ आणि उपनगरांत १ इतका कमी धरला होता. त्यामुळे माणसे यायची थांबली नाहीत. घरे लहान झाली, झोपड्या वाढल्या आणि एका खोलीत सहा-सात जण झोपू लागले.

हे आपल्याच शहरात ताडून पाहू. एक एकर घ्या, म्हणजे चाळीस गुंठे, ४३,५६० चौरस फूट. पुढचे हिशेब नमुन्याचे आहेत, पण मापे ओळखीची वाटतील.

पहिला एकर गुंठेवारीचा. शेतमालकाने रेखांकन मंजूर करून न घेता प्लॉट पाडले. अरुंद गल्ल्यांना पाव जमीन गेली, बाकी पाऊणमध्ये वीस बाय तीसचे प्लॉट. ३२,६७० भागिले ६००, म्हणजे ५४ प्लॉट. प्रत्येकावर खाली मालक आणि वर भाडेकरू. वरच्या बिऱ्हाडाला जायला बाहेरून लोखंडी जिना, तो निम्मा गल्लीतच उतरतो. जिन्याखाली मोटारसायकल, दाराशी नळाला जोडलेली मोटर, गच्चीवर दोन काळ्या टाक्या आणि भिंतीवर विजेचे दोन मीटर. खाली पाच, वर चार अशी नऊ माणसे धरली तर एकरात ४८६ माणसे. हेक्टरी बाराशे. चौरस किलोमीटरच्या मापात सांगायचे तर एक लाख वीस हजार.

प्रत्येक मजल्यावर पाचशे फूट बांधकाम धरले तर प्लॉटचा एफएसआय १.६७ होतो. माणशी घरातली जागा १११ चौरस फूट. गल्ल्या सोडल्या तर सार्वजनिक जमीन नाहीच, आणि ती माणशी जेमतेम २२ चौरस फूट पडते. त्यातच चालायचे, गाड्या लावायच्या, पोरांनी खेळायचे आणि लग्नाचा मांडवही घालायचा.

दुसरा एकर सिडकोच्या धर्तीचा. १९७२ मध्ये सिडको इथे नवे शहर वसवायला आली, तेव्हा तिने एन-१, एन-२ असे सेक्टर आखले. आधी रस्ते, मैदाने, शाळा, दुकानांच्या जागा सोडल्या आणि मग प्लॉट दिले. आपल्या नमुन्यात निम्मी जमीन प्लॉटना आणि निम्मी सार्वजनिक धरू. दीड हजार फुटांचे चौदा प्लॉट, प्रत्येकी पाच माणसांचे एक कुटुंब. एकरात सत्तर माणसे, हेक्टरी १७३. बाहेरची जमीन माणशी तीनशे चौरस फुटांहून जास्त.

आता त्या चौदाही बंगल्यांच्या जागी एफएसआय २च्या इमारती आल्या असे समजा. निम्मा प्लॉट व्यापून चार मजले घरांचे, खाली पार्किंग. दिसायला पाच मजली. एकूण बांधकाम ४२,००० चौरस फूट. जिना-लिफ्टचा हिस्सा धरून फ्लॅट हजार फुटांचा मानला तर ४२ फ्लॅट, आणि घरटी चार माणसे धरून १६८ माणसे. हेक्टरी ४१५. घरातली जागा माणशी अडीचशे फूट, बाहेरची १३० फुटांच्या आसपास.

तर मग जास्त दाट कुठे? दुमजली गुंठेवारी त्या पाच मजली इमारतींच्या जवळजवळ तिप्पट दाट आहे. दोन्हीकडच्या बांधकामाचा एफएसआय मात्र १.६७ आणि २, म्हणजे फार लांबचा नाही. इमारत उंच दिसली की डोळ्यांना दाटी जाणवते. लोखंडी जिन्यावरून उतरणाऱ्या चार माणसांची दाटी कोणाच्या डोळ्यांत भरत नाही, आणि विकास आराखड्याच्या चर्चेतही ती क्वचितच येते.

याचा अर्थ तुमच्या मुलीचे शेजारी चुकीचे बोलतात असा नाही. त्यांच्या एकरात सत्तराचे १६८ झाले तर बाहेरची जमीन माणशी निम्म्याहून कमी होते. मोटारी दुपटीने वाढतात. मुख्य म्हणजे जमिनीखालची जलवाहिनी आणि ड्रेनेज सत्तर माणसांच्या हिशेबाने टाकलेले असतात. जायकवाडीचे पाणी काही दिवसांआड येणाऱ्या शहरात ही काळजी अगदी खरी आहे. पण त्यांच्या तक्रारीचे नाव ‘घनता’ असू नये. ‘एवढी माणसे वाढणार, तर वाहिनी किती इंचाची होणार आणि कधी?’ असा प्रश्न त्यांनी महापालिकेला विचारावा. प्रीमियम घेऊन जादा एफएसआय दिला जातो, तेव्हा तो पैसा त्याच भागाच्या वाहिन्यांवर खर्च झाला का, हेही विचारण्याचा त्यांना हक्क आहे. आणि हेक्टरी चारशे माणसे म्हणजे संकट, असेही नाही. थोडी दाटी असेल तर तेवढ्याच लांबीच्या वाहिनीवर जास्त घरे भागतात, बसला थांब्यावर प्रवासी मिळतात, किराणा दुकान पायी अंतरावर टिकते.

हा विचार आपल्याकडे नेटकेपणाने मांडला तो शिरीष पटेल यांनी. चार्ल्स कोरिआ आणि प्रवीणा मेहता यांच्याबरोबर १९६०च्या दशकात नवी मुंबईची कल्पना मांडणारे ते स्थापत्य अभियंता. पुढे सहकाऱ्यांसह ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त त्यांनी दाखवले की गर्दी दोन वेगवेगळ्या जागी मोजली पाहिजे. एक घरातली गर्दी, म्हणजे बांधकामाच्या मानाने माणसे किती. दुसरी रस्त्यावरची गर्दी, म्हणजे रस्ते, फूटपाथ, बागा, मैदाने या सार्वजनिक जमिनीच्या मानाने माणसे किती. एफएसआय वाढवला आणि माणसे तेवढीच राहिली तर घरातली गर्दी कमी होते. एफएसआयबरोबर माणसेही वाढली आणि रस्ते तेवढेच राहिले, तर रस्त्यावरची गर्दी वाढते. मुंबई आणि मॅनहॅटनची तुलना ‘तिथे एवढा एफएसआय, मग इथे का नको’ एवढ्यावर थांबवणे चुकीचे आहे, असे ते आकडे घेऊन सांगत. मॅनहॅटनमध्ये माणशी बांधकामही जास्त आहे आणि रस्त्याची जमीनही. मला वाटते, आपल्या महापालिकेने प्रत्येक वॉर्डासाठी हे दोनच आकडे दरवर्षी जाहीर केले तरी शहराबद्दलच्या निम्म्या चर्चा ताळ्यावर येतील. मालमत्ता कराच्या नोंदींत बांधकामाचे क्षेत्रफळ असते आणि रस्त्यांची मापे नकाशात असतात. ही माहिती नव्याने गोळा करायची नाही, एकत्र ठेवायची आहे.

राहिला तुमचा गुलमंडीचा वाडा. १६१०मध्ये मलिक अंबरने खडकी वसवली, तिथपासून जुन्या शहराची वीण बदलत आली आहे. वाड्याची रचना मात्र घनतेच्या दृष्टीने फार हुशार होती. शेजाऱ्याशी भिंत सामायिक, चहूबाजूंना सोडलेली सामासिक अंतरे नाहीत, आणि उजेड-वाऱ्यासाठी मध्ये चौक. चहूबाजूंना तीन-तीन फूट सोडले की त्या फटीत कपडे वाळत घालण्यापलीकडे काही होत नाही. तीच जागा मध्ये एकत्र केली की घराला अंगण मिळते. केंब्रिजमध्ये १९६०च्या दशकात लेस्ली मार्टिन आणि लायोनेल मार्च यांनी गणिताने दाखवले की चौकाभोवती बांधलेली बुटकी घरे उंच सुट्या इमारतींइतकेच बांधकाम सामावू शकतात. गुलमंडी, सिटी चौक, औरंगपुरा भागाचा आजचा प्रश्न वेगळा आहे. तिथे दिवसा खरेदीला येणारी माणसे जनगणनेत त्या जागेची म्हणून मोजली जात नाहीत, कारण जनगणना माणूस राहतो तिथे मोजते. वाड्याच्या माडीवर गोदाम झाले की कागदावर घनता उतरते आणि रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते.

तुमच्या गल्लीची घनता तुम्हाला स्वतः काढायची असेल तर अवघड नाही. एक ठरावीक तुकडा निवडा, चारही बाजूंच्या रस्त्यांच्या मध्यापर्यंत. मोबाइलवरच्या नकाशात त्याचे क्षेत्रफळ मोजता येते. मग भिंतीवरचे घरगुती विजेचे मीटर मोजा, दुकानांचे सोडून. एका मीटरमागे साडेचार ते पाच माणसे धरा, क्षेत्रफळाने भागा आणि हेक्टरी किती ते काढा. मीटर मोजणे मजले मोजण्यापेक्षा कितीतरी खात्रीचे आहे.

प्रश्न : मग शहराची घनता किती असली तर योग्य? सरकारने काही आकडा ठरवला आहे का?
— एक वाचक, हडको

उत्तर : केंद्र सरकारची नगर नियोजनाची मार्गदर्शक तत्त्वे २०१४ची आहेत. मैदानी भागातल्या दहा लाखांवरच्या शहरांसाठी त्यांत हेक्टरी १२५ ते १७५ माणसे सुचवली आहेत. आपला ८५चा आकडा त्याच्या बराच खाली दिसतो. पण तत्त्वांतला आकडा विकसित क्षेत्रापुरता आहे आणि आपला ८५ पूर्ण हद्दीचा, शेते आणि विमानतळ धरून. दोन्ही शेजारी ठेवून ‘आपल्याकडे अजून पुष्कळ जागा आहे’ असे म्हणता येणार नाही. त्याच तत्त्वांत माणशी दहा ते बारा चौरस मीटर खुली जागा असावी असेही म्हटले आहे. वरच्या गुंठेवारीच्या एकरात गल्ल्या धरूनसुद्धा माणशी दोन चौरस मीटर आले. आपण कुठे कमी पडतो ते इथे दिसते.

२००१च्या कायद्याने आणि नंतरच्या दुरुस्तीने गुंठेवारीतली घरे नियमित करता येतात, आणि ते व्हायलाच हवे. लोकांनी आयुष्याची कमाई त्यात घातली आहे. पण घर नियमित झाले म्हणून मैदान तयार होत नाही. त्यासाठी शेजारची मोकळी जमीन आत्ताच राखावी लागेल, ती विकत घेण्याइतकी स्वस्त आहे तोवर.

प्रश्न : आम्ही बजाजनगरला राहतो. वाळूजच्या कंपन्या, चार मजली इमारती, रात्री बारापर्यंत उघडी दुकाने. तरी कागदोपत्री आमची ग्रामपंचायत. घनतेच्या हिशेबात आम्ही गाव की शहर?
— एक वाचक, बजाजनगर

उत्तर : जनगणनेपुरते तुम्ही शहर, कारभारापुरते गाव. जनगणनेची व्याख्या अशी आहे : महापालिका, नगरपालिका किंवा छावणी नसली तरी एखाद्या ठिकाणी किमान ५,००० लोकसंख्या, चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसे आणि कामकरी पुरुषांपैकी किमान ७५ टक्के बिगरशेती कामात असतील, तर ते ‘जनगणना शहर’. या व्याख्येने तुमचे बजाजनगर ज्यात मोडते ते वडगाव कोल्हाटी २०११ मध्ये शहर ठरले. ४०० ही अट किती सौम्य आहे ते यावरून कळेल की आपल्या पूर्ण जिल्ह्याची सरासरी, रानेवने आणि संभाजीनगर शहर धरून, सुमारे ३६५ आहे.

बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना १९८५मध्ये सुरू झाला आणि त्यामागोमाग कामगारांची घरे आली. रांजणगाव शेणपुंजीला खोल्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. या हजारो कुटुंबांचा शहराच्या ११,७५,११६मध्ये समावेश नाही. ती दवाखान्याला, कॉलेजला, बाजाराला शहरातच येतात, पण शहराच्या घनतेत त्यांची गणती नाही आणि पाण्याच्या हिशेबात ती वेगळ्या रकान्यात असतात. शहराचा खरा पसारा मोजायचा असेल तर महापालिका, छावणी, वाळूज पट्टा आणि आता शेंद्रा-बिडकीन एकत्र धरून सलग बांधलेली जमीन मोजावी लागेल.

२०२१ची जनगणना लांबली. नव्या गणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे आणि तिच्यासाठी प्रशासकीय सीमा ३१ डिसेंबर २०२५ अखेर गोठवण्यात आल्या. त्या दिवशी तुमची वसाहत महापालिकेच्या रेषेच्या ज्या बाजूला होती, त्याच बाजूच्या भागाकारात तुम्ही मोजले जाल.